अप्पांचे गप्पी मासे

अप्पा, मामांच्या तळ्यातले तुमचे गप्पी मासे या उन्हाळ्यात मी काढून टाकले. रागावू नका, आधी ऐकून तर घ्या.

लहानपणी मला मलेरिया झाला तेव्हा तुम्ही उशाशी बसून कपाळावरच्या घड्या बदलत होतात. दवाखान्यात गोळी देण्याआधी प्रत्येकाला कानडीत ‘ऊटा आयता?’, जेवलात का, असं विचारणारे तुम्ही कंपाउंडर, स्वतः मात्र जेवायचं विसरला होतात, असं आई पुढे हसून सांगायची. मी उठून बसले आणि तुम्ही सायकलला दुधाचा कॅन बांधून हे मासे घेऊन आलात. डासांच्या अळ्या फस्त करतात म्हणे. काही चामराजपुरमच्या आपल्या आडात सोडलेत आणि उरलेले एच. डी. कोटेला मामांच्या शेतातल्या तळ्यात, कारण सुट्टीभर मी तिथंच पडीक असायची. पोरीच्या जिवासाठी केवढी ती धडपड! मला पुन्हा ताप आला नाही. ते मी जन्मात विसरणार नाही.

पण अप्पा, हे मासे परमुलखातले. अळ्यांवर त्यांचं भागत नाही. बेडकांची अंडी, चतुरांची पिल्लं, तोंडात मावेल ते गिळतात. चतुराचं पिल्लू पाण्यात असताना स्वतःच डासांच्या अळ्या खातं, हे तेव्हा आपल्याला कुठं ठाऊक होतं? बघता बघता तळं त्यांचंच झालं. पावसाळ्यात कान किटवणारे बेडूक दिसेनासे झाले, आणि मामा म्हणाले, बरं झालं, झोप तरी लागते.

यंदा मी तळं उपसायचं काढलं तर तेच मामा आडवे आले. “अय्यो, बेडा! नको म्हणतो ना! भावोजींची एवढीच खूण राहिलीय माझ्याकडे. सुम्ने बस गप.” खरं सांगते, माझंही मन धजेना. तुमच्या हातचं मी कसं मोडू? मग आपलं स्वयंपाकघर आठवलं. खोकला कधीच गेलाय, तरी मी फडताळातलं लाल औषध चोरून पितेय, आणि तुम्ही मागून येऊन बाटली काढून घेता. “बरं वाटलं की औषध थांबवायचं असतं. गोड लागतं म्हणून पीत राहिलीस तर तेच बाधेल.” मी किती रडले होते! मामांना हे सांगितलं. “हे अगदी भावोजीच बोलले बघ,” म्हणाले, आणि स्वतःच पंप आणायला उठले. तळं कोरडं पडलं, बगळ्यांची पंगत झाली, गाळ उन्हात तडकेपर्यंत आम्ही पाणी येऊ दिलं नाही. मामांना मी मच्छरदाणी घेऊन दिलीय.

पावसानं तळं पुन्हा भरलं, आणि परवा संध्याकाळी मामांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. फोन नुसता तळ्याकडे धरलेला. डरांव डरांव, नुसता कल्ला! मी सरस्वतीपुरमच्या बसस्टॉपवर उभी राहून रडले, अप्पा. बस गेली तरी कळलं नाही.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. आपल्या आडातले मासे मी काढले नाहीत. त्यावर जाळी आहे, ते पाणी कुठं जात नाही, अशी मनाची समजूत घातलीय. सकाळी चिमूटभर भात टाकते, माझी सावली पडली की ते वर येतात. आजूबाजूला कोणी नाही ना, एवढं बघते, आणि वाकून विचारते, “ऊटा आयता, अप्पा?”