जहाजाची नावं तीन, भाचा एकच

तीर्थस्वरूप आत्यास समुद्रावरून नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील आणि शेजारीणबाईंशी धरलेला अबोला संपला असेल, असं धरून चालतो.

ताजी बातमी आधी. आमचं जहाज निर्बंधांच्या यादीत आलं. काल सकाळी बंदरावरच्या अधिकाऱ्याने होडीतून येऊन, शिक्क्याचा कागद कप्तानाच्या हातात देऊन हे पक्कं केलं. आता या जहाजाचं तेल कुठलंच बंदर उतरवून घेणार नाही. त्याच्या फाइलीत पहिलंच पान तुझ्या पत्राचं आहे. (अक्षर लांबूनच ओळखलं.)

तुला सांगायचं राहिलं होतं. मी इथे आचारी म्हणून चढलो तेव्हा हे साधं तेलाचं जहाज आहे असंच सांगितलं होतं. मग पहिल्याच महिन्यात रंगारी आला आणि जुनं नाव खरवडून नवं लिहून गेला. पुढे तोच पुन्हा आला. जिथून तेल घ्यायला मनाई आहे तिथून ते गुपचूप घ्यायचं, त्यासाठी ठावठिकाणा कळवणारं यंत्र बंद ठेवायचं आणि नाव बदलायचं, असा सगळा प्रकार. (रेडिओवर बोलण्याआधी कप्तान खिशातली चिठ्ठी बघून घ्यायचा, आज आपण कोण ते.) सगळ्या जगाला चुकवलं. पण मी पोटभर जेवतो याचा पुरावा म्हणून तुला कठड्याशी, मागे जहाजाचं नाव दिसेल असा उभा राहून फोटो पाठवत होतो, आणि तू फोनवरच्या नकाशात रोज माझं जहाज शोधत होतीस, हे मालकाला कुठलं माहीत असायला?

अधिकाऱ्याने तुझं पत्र सर्वांसमक्ष वाचलं. 'माझा भाचा ज्यावर आहे ते जहाज सतरा तारखेपासून नकाशावर नाही. सोबत तीन फोटो. जहाजाची नावं तीन, भाचा एकच. शोधून द्यावा.' तक्रार विभागात तीस वर्षं काढलेली बाई तू, त्यामुळे मागे दर सोमवारचं स्मरणपत्रही होतं, सगळी मिळून नऊ पानं. "हाच का भाचा?" त्याने विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पातेल्यात बघितलं.

संध्याकाळी कप्तान स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "माझ्या घरी सात माणसं आहेत. एकाने तरी विचारलं का, जहाज कुठे गेलं म्हणून?" आणि चहा मागितला.

थट्टा बाजूला, आत्या. आज मिस्त्रीने तळाचा पत्रा ठोकून दाखवला. दुसरा ठोका मारायचं धाडस त्याला झालं नाही. याच जहाजातून आम्ही परवा पुन्हा भर समुद्रात निघणार होतो. आता ते हलणार नाही. अठरा माणसं तुझ्यामुळे वाचली, असं मिस्त्री म्हणतो, आणि तो सहसा कुणाबद्दल बरं बोलत नाही. आभार मानले तर तू रागावशील, म्हणून नुसतं कळवून ठेवतो.

तुझा,
सापडलेला भाचा

ता. क. : मालकाचा फोन बंद आहे. तेरा जण घरी जाणार. नियमाप्रमाणे पाच जणांना जहाजावर थांबावं लागणार. ते पाच जेवणार, म्हणून आचारी त्यांत धरला आहे. किती महिने, ते कुणालाच माहीत नाही. तेव्हा आणखी एक पत्र लिही. 'सापडलेला भाचा घरी पोचता करावा', एवढं पुरे.

आणखी एक : मिस्त्रीलाही भाचा म्हण. कप्तान विचारतो, त्याचं स्वतःचं वय छप्पन्न आहे, तोही चालेल का?

शेवटचं : अधिकारी म्हणतो, या वेळी नऊ पानं नकोत. गुरुवारी दहा वाजता तो उतरणाऱ्यांची यादी पक्की करणार आहे. आलेले ई-मेल तो साडेनऊला वाचतो.