‘ग्रँड’ म्हणजे मान्य नव्हे

वॉटरफोर्ड, १४ नोव्हेंबर

ती. बाबांना इतक्या दुरून वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

आमच्या पाहणीत वंशाच्या रकान्यात ‘वेल्श’, म्हणजे मूळचे वेल्सचे, असं लिहिणारी कुटुंबं नुसतं ‘ब्रिटिश’ लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त शिकलेली आणि सुस्थितीत दिसतात. आमच्या प्रकल्पप्रमुख सरांचा निष्कर्ष, वेल्श वंशाचे लोक पुढे गेले. पण मी दोन सख्ख्या भावांच्या मुलाखती घेतल्या. प्राध्यापक भावाने ‘वेल्श’ लिहिलंय, ट्रक चालवणाऱ्याने ‘ब्रिटिश’! आजोबा तेच. मग पुढे नेमकं कोण गेलं? शिकलेल्याला पणजोबांचं गाव आठवतं, एवढंच ना?

बैठकीत मी वीस मिनिटं कडाडले. सर म्हणाले, “ग्रँड.” मला वाटलं, जिंकले! माझा नागपूरकर सहकारी श्रेयस हसायलाच लागला. “देवयानीताई, इथे आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे नुसतं ‘बरं, ठीक’. भाषण संपलं म्हणून सुटकेने म्हणाले ते.”

आज लेख हाती आला. निष्कर्ष जुनाच, फक्त सहलेखिका म्हणून माझी सही बाकी. माझा करार मार्चमध्ये संपतो. सहीचा आणि त्याचा संबंध कुणी जोडलेला नाही, तुम्हीही जोडू नका.

बाबा, इथे सगळे गोड बोलतात, माझ्याशी भांडत कुणीच नाही. घरी तुम्ही ताटावरून न उठता “पुरावा काय?” म्हणून मला घाम फोडायचात. दोन भाऊ हा पुरेसा पुरावा आहे का? मी सही करणार नाहीये. चुकत असेन तर रविवारी फोन करा आणि चांगली झापा मला.

तुमच्याशी वाद घालायला आसुसलेली,
देवयानी