भाऊजींचं ‘पोर के’

प्रिय कुंदे,

पास झाले! अवं, पास झाले मी! अ‍ॅडव्हान्स्ड स्पॅनिश, लेखी आणि तोंडी दोन्ही! मोबाईलवर निकाल आला तेव्हा मी कणिक मळत होते. तशाच पिठाच्या हातानं तुझा नंबर काढला, आणि मग आठवलं. म्हणून हे पत्र. दुसरं कोणाला सांगू, सांग बरं? आमच्या ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “वा, छान! चहा होणार आहे का आज?”

आणखी एक बातमी आहे, तुझ्या घरातली. ती क्रमानं सांगते, मध्ये तोंड घालू नकोस.

मुळात सगळी भानगड तुझीच. शाळेतून दोघी रिटायर झालो, सीताबर्डीला ब्लाउजपीस घ्यायला गेलो आणि कॉलेजच्या गेटवर संध्याकाळच्या भाषावर्गांचा बोर्ड तुला दिसला. “वंदे, जन्मभर पोरांना व्याकरण शिकवलं, आता आपण शिकू.” मी म्हटलं, मग इंग्रजी सुधारू. तर नाही! स्पॅनिशच पाहिजे. काहून? तर म्हणे, नागपुरात कोणाला कळणार नाही, मनसोक्त निंदा करता येईल!

आणि केलीसुद्धा आपण. निंदा कोणाची, तर तुझ्याच नवऱ्याची, बिचाऱ्या भाऊजींची. ते मौद्याच्या नोकरीतून रिटायर झालेले, गाडीनं आपल्याला क्लासला सोडायचे, खाली बाकावर बसून राहायचे, परत आणायचे. आणि आपण मागच्या सीटवर बसून त्यांच्याच ड्रायव्हिंगचे वाभाडे काढायचो. ते आरशातून बघायचे. “माह्याबद्दलच बोलून राहिल्या ना तुमी दोघी?” त्यावर तू गोड आवाजात, “नो, मि आमोर!” नाही हो, माझ्या राजा, म्हणे! किती लबाड होतीस गं!

पण अभ्यास मात्र केला हं आपण. वर्गातली ती वीस-बावीसची पोरं इंग्रजीतून विचार करायची आणि ‘मला कॉफी आवडते’ म्हणताना घोटाळा करायची. आपल्याला काय अडचण? स्पॅनिशमध्येही मराठीसारखंच, कॉफीच मला आवडते! आणि चालू काळ आला तेव्हा तर तू वर्गात ओरडलीस, “मॅडम, हे तर आमचंच आहे! जेवून राहिलो, येऊन राहिलो!” पुण्याची भाचरं हसतात आपल्या ‘राहिलो’ला. तिकडे सगळा स्पेन तसाच बोलून राहिला!

मग इंटरमीजिएटला आला तो सुबखुंतीवो. जे आहे ते सांगायला क्रियापदाचं एक रूप, आणि जे व्हावंसं वाटतं, ज्याची शंका येते, भीती वाटते, त्याला दुसरंच रूप. तू म्हणालीस, “म्हणजे आपण बायका दिवसभर ह्याच रूपात बोलतो की!” बोललीस झ्याक, पण लिहायला-बोलायला आलं की हमखास चूक. ‘त्यानं बाहेर पडावं असं मला वाटतं’, ह्यात म्हणायचं ‘साल्गा’, आणि तू दर वेळी ठणकावून ‘साले’. मागच्या बाकावरची पोरं खाली मान घालून हसायची. मॅडमसुद्धा हसायच्या.

आणि दवाखान्यात, त्या दिवशी?

भाऊजी पलीकडे स्टुलावर बसून मोसंबी सोलत होते. तू खाटेवरून माझा हात धरलास आणि स्पॅनिशमध्ये म्हणालीस, “क्येरो के साल्गा दे कासा. नो क्येरो के से केदे सोलो.” ह्यांनी घराबाहेर पडावं. एकटं बसून राहू नये. एकही चूक नाही! आणि मी मूर्ख, “बरोबर! साल्गा! बरोबर!” म्हणून टाळ्या वाजवल्या. तू पण हसलीस. भाऊजींना वाटलं, ह्या दोघींचं डोकं फिरलं.

तू काय सांगितलंस ते मला घरी येताना ऑटोत कळलं. मग मात्र असा राग आला तुझा! मराठीत म्हणाली असतीस तर मी भांडले असते तुझ्याशी, ‘तूच काढ त्यांना बाहेर’ म्हटलं असतं. म्हणूनच स्पॅनिशमध्ये बोललीस ना? मला व्याकरणात गुंतवलंस आणि काम गळ्यात टाकून मोकळी झालीस!

आणि काम तरी केवढं! तू गेल्यावर भाऊजी घराच्या फाटकाबाहेर पाय ठेवेनात. आम्ही काय नाही केलं? आमच्या ह्यांनी सकाळी फिरायला चला म्हटलं, तर गुडघा दुखतो. भजनाला चला, तर आवाज नाही. भिवापूरला तुमच्या शेतावर चक्कर मारून या, मिरची तोडणीला आलीये म्हटलं, तर “माहा भाऊ पाहून राहिला ना.” टीव्हीसमोर बसायचे, आणि टीव्ही बंद! माझा जीव तुटायचा. तू एकच गोष्ट मागितलीस आणि तीच मला जमेना.

क्लास मीही सोडला होता. रिकामा बाक बघवत नव्हता. मॅडमचा फोन आला, “वंदाताई, तोंडी परीक्षा जवळ आलीये, येताय ना?” मी म्हटलं, बोलायला जोडीदारच नाही, कशी येऊ? त्याच दिवशी भाजीचा डबा घेऊन तुझ्या घरी गेले आणि तिथे भाऊजींसमोर रडायलाच बसले. रडता रडता एकदम सुचलं. म्हटलं, “भाऊजी, तुम्हीच घ्या माझी तोंडी.”

“मले कुठं येते ते?”

“एक शब्द येतो ना तुम्हाला.”

डोकं खाजवत म्हणाले, “पोर के?”

तुझ्याच तोंडून ऐकलेला! भाजीत मीठ कमी म्हटलं की तू विचारायचीस ना, “पोर के?” कशामुळे? काहून?

मग काय सांगू तुला, कुंदे! मी एक वाक्य बोलायचे, की हाताची घडी घालून भाऊजी, “पोर के?” मी कारण सांगायचे. “पोर के?” त्याचंही कारण सांगायचे. “पोर के?” मला वाटतं, मला शंका आहे, असं व्हावं, तसं होऊ नये, तुझा तो सगळा सुबखुंतीवो बाहेर यायला लागला! समजत काही नव्हतं त्यांना, पण मी अडखळले की चेहऱ्यावरून ओळखायचे. “अटकल्या ना ताई? पुन्हा!” रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. एक दिवस मी उशिरा पोचले तर दारात उभे. “टाइम काय झाला पाह्यला का?” बाप्पा! मला तर आनंदच झाला रागावलेले बघून.

परीक्षेच्या दिवशी म्हणाले, “मी सोडतो.” आणि गाडी कुठली चालू होते? बॅटरी पार झोपलेली. शेजारच्या चौघांनी धक्का मारला, मी पदर खोचून पाचवी. निघाली एकदाची!

परीक्षक बाहेरगावच्या, चष्म्यातून बघणाऱ्या. विषय दिला, उतारवयात शिकायला का यावं? मी तुझंच सांगितलं. कुंदा आज असती तर माझ्या शेजारी बसली असती आणि माझ्यापेक्षा जास्त चुका केल्या असत्या, असं. त्या ‘असती तर’च्या वाक्यात आवाज फुटेल अशी भीती होती. थोडा फुटला, पण वाक्य नाही तुटलं. बाई पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, “पोर के?” अवं, मला हसूच आलं! मग जी सुटले मी, ती थांबेचना.

खाली आले तर भाऊजी त्याच बाकावर. तर्री-पोहे खायला गेलो. दोन घास खाल्ले आणि प्लेट खाली ठेवून म्हणाले, “ताई, माही फी द्या आता.”

“मागा.”

“दवाखान्यात कुंदा तुमाले काय बोलली होती? तुमी टाळ्या वाजवल्या होत्या. माह्याबद्दल होतं ना?”

कुंदे, जिभेवर आलं होतं गं. त्यांचे डोळे असे होते की सांगूनच टाकावं. तर्रीचं निमित्त करून मी डोळे पुसले. आणि मग म्हटलं, “तुमच्याबद्दलच होतं. पण मी नाही सांगणार. क्लासला या, शिका, आणि तुमचं तुम्ही समजून घ्या. तो धडा दुसऱ्या वर्षाला आहे.”

“दोन वर्सं?” केवढ्यानं ओरडले! टपरीवाला बघायला लागला. “तुमी दोघी सारख्याच आहा!” परत येताना नुसते हॉर्न वाजवत गाडी हाकली. मला वाटलं, बसले रुसून, संपलं सगळं.

आणि आज सकाळी, निकाल सांगायला फोन केला तर उचललाच नाही. जीव घाबरला. तासाभरानं त्यांचाच फोन, मागे हा ट्रॅफिकचा आवाज. “कुठे आहात, भाऊजी?”

“सीताबर्डीले. कॉलेजातून येऊन राहिलो ना. अ‍ॅडमिशन घेतली. ते डिक्शनरी कोणती घ्यायची, सांगा.”

ही ती बातमी! अवं, घराबाहेर पडला तुझा नवरा! सोमवारपासून आठवड्यातून दोनदा पडणार आहे, वीस वर्षांच्या पोरांशी भांडणार आहे, होमवर्क केलं नाही म्हणून मॅडमची बोलणी खाणार आहे. तू मागितलेलं काय होतं, ते त्यांना कळेल तेव्हा ते दोन वर्षं करून झालेलं असेल!

तोवर त्यांनी कितीही विचारलं, रुसले, पोह्याची प्लेट खाली ठेवली, तरी मी त्यातलं अक्षरही फोडणार नाही. वचन. आणि मॅडम फळ्यावर ‘साल्गा’ लिहितील त्या दिवशी मी पुन्हा त्या वर्गात जाईन, तुझ्या जागेवर बसेन, भाऊजींच्या शेजारी. टाळ्या तेव्हा त्यांच्यासाठी वाजवीन.

मार्कांत तुझ्या पुढे गेलेली,
तुझी वंदा