जुडगा माझ्याकडेच

५ मे
नवा नियम आला. मेट्रन एका जागी तीन वर्षंच, मग बदली. हसू आलं. मी शहापुरात अकरा वर्षं आहे, म्हणजे नियम नव्यांसाठी असणार. क्लार्क सतीशने ‘वाचलं’ म्हणून सही घेतली. केली, पण तिरकी.

६ मे
निश्चय: चिडायचं नाही. बीपी वाढतं.
दुपारी: नम्रता सिस्टर माझ्या खुर्चीत बसून बघत होती. इथे स्टूलसुद्धा मला विचारून हलतं, असं तिला सुनावलं. हे चिडणं नव्हे, शिस्त.

९ मे
मुरबाडला बदलीची ऑर्डर. जाणार नाही म्हणजे नाही! घरी सांगितलं, मी गेले तर हॉस्पिटल बसेल. नरेंद्र म्हणाले, बसू दे, इतकी वर्षं तुझ्यापुढे उभंच आहे. नवरा असं बोलतो, म्हणून बाई ड्यूटीवर रमते.

१२ मे
उपाय सापडला. चादरी, गाउन, हातमोजे, सगळ्या कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला. उद्यापासून सिक लीव्ह, जुडग्यासकट. औषधांची किल्ली तेवढी ठेवून आले. मी काही राक्षसीण नाही.

१३ मे
फोन नाही. घाबरले असतील.

१४ मे
फोन नाही. रेंज नसेल. यांच्या मोबाइलवरून स्वतःला रिंग दिली. वाजली.

१५ मे
बाजारात आमच्या वॉर्डातली काशी मावशी भेटली. सहज विचारलं, चादरींचं कसं करता? म्हणाली, “डुप्लिकेट किल्ली हाय ना मॅडम, कवाधरनं. तुमी सारख्या मीटिंगला. पेशंटला काय नुसत्या खाटंवर निजवायचा?” वर माझी तब्येतही विचारली.
इतकी वर्षं जुडगा खुळखुळवत फिरले! फार लागलं मनाला. घरी येऊन लगेच कांदे चिरायला घेतले, म्हणजे डोळ्यांबद्दल कुणी विचारायला नको.

१९ मे
मुरबाडला रुजू. हार नव्हे. अनुभवाची गरज इथेच जास्त आहे.
इथली जुनी मेट्रन किल्ल्या घेऊन सिक लीव्हवर. काय ही खुर्चीची हाव! असल्यांसाठीच नियम हवेत. मेघा सिस्टरने खिशातून डुप्लिकेट काढून कपाट उघडलं. तिला बजावलं, असले प्रकार बंद, ती किल्ली इकडे द्या. लगेच दिली, हसत. गुणी मुलगी.
संध्याकाळी: परतीची एसटी अर्ध्या वाटेत किन्हवलीला आली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिच्याकडे आणखी एक असणार.