ओलावा बेचाळीस टक्के

नांदेड,
९ मार्च २०२५

तीर्थरूप काका,

विशाखाचा नमस्कार. काकूचा गुडघा कसा आहे? मुखेडहून आईला इकडंच आणलंय. खोकला थांबला तिचा. "भाऊजींना लिही, कुरडया झाल्या की पाठवते," म्हणून राहिली.

रॉकेटच्या घन इंधनाच्या संशोधनाचा इतिहास तुम्हीच मागं लागून लिहायला लावलात. एरंडेलाचं प्रकरण अडलंय. इंधनाची भुकटी एरंडेलापासून केलेल्या चिकट पदार्थात धरायची, ही बाबांची कल्पना. १९९१ साली चाचणीत रॉकेटची मोटार, म्हणजे इंधन भरलेली नळी, फुटली. अहवाल बाबांचंच नाव घेतो: श्रीनाथ यांनी मिश्रण घाईनं ओतलं, म्हणून आत बुडबुडे राहिले. प्रयोग बंद पडला. बाबा मुखेडच्या शाळेत विज्ञान शिकवत राहिले, शेवटपर्यंत. हे तुम्हाला काय सांगायचं?

मागच्या आठवड्यात मूळ नोंदवही हाती आली. बुडबुडे ओलाव्यानंही धरतात. म्हणून ओतण्याआधी खोलीतला ओलावा मोजायचा, ते काम तुमचं. ओतण्याच्या दिवसासमोर बेचाळीस टक्के, पुढं तुमची सही. तारीख मी दोनदा ताडून बघितली. त्या दिवशी दुपारी तुम्ही लातूरला महालक्ष्म्यांच्या पंगतीत होता, काका. प्रयोगशाळेपासून रात्रभराचा प्रवास. फोटो आहे आपल्या अल्बममध्ये. म्हणजे गाडी गाठायची म्हणून तुम्ही आदल्या दिवशीच रकाना भरून ठेवलात.

मला अजून खरं वाटत नाही. ज्यांनी मला मोजमाप शिकवलं, ते तुम्ही.

चौकशीत बाबांना विचारलं होतं, ओलावा मोजला होता का? उत्तर नोंदलंय: "दादानं सकाळी मोजूनच गाव गाठलं. त्याच्या आकड्यावर माझी शंका नाही." तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत असेल. पण फोटोच्या मागची तारीख बाबांच्या अक्षरात आहे, काका. त्यांना कळलं होतं. तरी दरवर्षी महालक्ष्म्यांना तुमच्या ताटात आग्रहानं पुरणपोळी वाढायचे. तुम्हाला ती गिळवायची कशी?

आईला काही बोलले नाही. ती आजही म्हणते, "ह्यांना घाईच लई." चौतीस वर्षं हेच म्हणून राहिली. तिला खरं सांगायचं ते तुम्हीच, तिच्यासमोर बसून. प्रकरणात कारणाची ओळ मी कोरी ठेवलीय. नांदेडला या आणि तुमच्या हातानं भरा. या वेळेस हजर राहून.

आजवर खाली 'तुमची लेक' लिहीत आले. आज लिहवत नाही.

श्रीनाथ यांची मुलगी,
विशाखा