नऊ नंबरची काच

४ नोव्हेंबर २०२४

जमलं! सकाळी मशेरी लावता लावता सुचलं — पेशींवर ताण आला की वाढणारं ते प्रथिन रंग धरत नाही, कारण गाठींचे काप लावलेल्या काचा नीट उकळतच नाहीत. घरचा कुकर पिशवीत घातला आणि लॅब गाठली. सोबत काम करणारा आफताब दारातच, "काय ताई, खिचडी टाकी ऱ्हायनी का?" हस बाबा. दुपारी तोंडाच्या कॅन्सरच्या गाठीची काच पाहिली — तपकिरी, स्वच्छ! धर्मेंद्र सर म्हणाले, "शीलाताई, चार महिने आम्ही काय करत होतो?" मला काय विचारता!

१२ डिसेंबर

तुलनेसाठी निरोगी हिरडीचे बारा तुकडे हवेत. अक्कलदाढ काढायचीच होती, माझाही तुकडा दिला. फॉर्म ऐटीत भरला. तंबाखू खाता का — नाही. गुटखा — नाही. तुकड्यांना नंबर पडले, नावांची वही सरांच्या कपाटात.

२० जानेवारी २०२५

अठ्ठावन्न जुन्या पेशंटच्या, जपून ठेवलेल्या गाठींच्या काचा झाल्या. एकही वाया नाही!

१७ फेब्रुवारी

सरांनी जुन्या नोंदी ताडून पाहिल्या. ज्यांची काच गडद, त्यांचा कॅन्सर लवकर उलटला. फिकटवाले बहुतेक टिकले. म्हणजे कोणावर जास्त लक्ष ठेवायचं ते आधीच कळेल! मला रडूच आलं.

तळोद्याकडचे सुपडूदादा तपासणीला आले होते, त्यांची काच फिकट. "ताई, पाच वरीस व्हई ग्यात, मी अजून जित्ता शे!" खिसे दाखवा म्हटलं. "तंबाखू कवळच सोडी दिधी, ताई." तरी खिसे तपासलेच.

५ मार्च

निरोगी बारांत नऊ नंबर गडद. सर म्हणतात, रंग चुकला असेल. माझा? पुन्हा केला — गडद. तिसऱ्यांदा केला — गडदच! भांडलेच मग. "वही काढा. ज्याची असेल त्याला बोलवा, तोंड बघा. वेळेत सापडला तर वाचेल माणूस!" सर हरले. उद्या वही उघडणार.

६ मार्च

नऊ नंबर मी.

सरांनी बॅटरी धरून बघितलं. काढलेल्या दाढेच्या मागे पांढरा चट्टा आहे. "शीलाताई, दातांना काय लावता?" मशेरी, म्हटलं. आणि म्हणता म्हणताच लख्ख झालं. भाजलेली तंबाखूच ती. तीस वर्षं रोज सकाळी! मी खाते कुठे, नुसती लावते, असंच वाटायचं.

उद्या चट्ट्याचा तुकडा काढणार आहेत. काच मीच करणार, सरांना बजावलंय. माझा रंग चुकत नाही.