पदविकेतला हरवलेला 'का'

प्रति,
मा. पडताळणी अधिकारी,
थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकी प्रवेश सुविधा केंद्र,
खिडकी क्रमांक तीन (उघडी असल्यास)

विषय : कु. कृतिका जितेश भोईर हिच्या 'पदविका' या शब्दातून गहाळ झालेला 'का' परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या केंद्राचा शेरा – "उमेदवार आधीच पदवीधर, सबब पदवी प्रवेशास अपात्र."

महोदय,

अर्जदार पुंडलिक धाकू भोईर, राहणार खारी गाव, भाईंदर पूर्व, हा वरील उमेदवाराचा सख्खा आजोबा आहे. त्याच्या वाडवडिलांची मिठागरे होती, भातशेती होती. आता त्या जागी इमारती पिकतात आणि अर्जदार घरी बसून नातीच्या शिक्षणावर देखरेख करतो, म्हणजे चहा पितो. तो सविनय कळवतो की,

१. कृतिका दहावीनंतर बारावीच्या वाटेला गेलीच नाही. तिने स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका केली, ज्याला घरात सगळे डिप्लोमा म्हणतात. पदविका झालेल्यांना पदवीचे पहिले वर्ष माफ असते व थेट दुसऱ्या वर्षात बसता येते, असे शासनाचेच म्हणणे. अर्जदाराने त्यातला 'थेट' हा शब्द खरा धरला. खारीत थेट म्हणजे सरळ. आपल्याकडे थेट म्हणजे आधी खिडकी एक, मग झेरॉक्स, मग खिडकी तीन, मग "जेवणानंतर या", आणि जेवण कोणाचे ते न विचारणे.

२. तरीही सर्व सुरळीत चालले होते. पण आपल्या केंद्रात तिची माहिती चढवताना रकाना अरुंद पडला. 'पदविका' त्यात मावेना. शेवटचा 'का' बाहेर पडला आणि आत 'पदवि' एवढेच उरले. इथवर अपघात होता. पुढे आपल्यापैकी कोणा शुद्धलेखनप्रेमी साहेबांची नजर त्या ऱ्हस्व वेलांटीवर गेली. त्यांना राहवले नाही. त्यांनी ती दीर्घ केली. अर्जदाराने आयुष्यभर सरकारी कागदांवर चुकलेल्या वेलांट्या पाहिल्या, पण दुरुस्त झालेली ही पहिलीच, आणि ती नेमकी त्याच्या नातीवर पडली. पदविकाधारक पोर एका वेलांटीत पदवीधर झाली.

३. अर्जदाराने खिडकी तीनवर ही बाब नम्रपणे सांगितली. आतून उत्तर आले, "काका, सिस्टीममध्ये डिग्री दाखवतंय. डिग्रीवाल्याला परत डिग्रीला अ‍ॅडमिशन नाय मिळत, काका." अर्जदार म्हणाला, "अहो, तिचा डिप्लोमा आहे, हे सर्टिफिकेट बघा." त्यावर, "काका, ते तुम्ही बोलताय. सिस्टीम नाय बोलत ना, काका."
महोदय, आपला कर्मचारी अर्जदारावर एका श्वासात इतके 'का' उधळतो. त्यातला एकच पदविकेला लावला असता, तर हा अर्ज लिहावा लागला नसता. तसे हे अक्षर कोणत्याही कार्यालयात दुर्मीळच; तिथे 'का' विचारणारे आत नसतात, रांगेत असतात.

४. उपाय म्हणून खिडकीने सुचवले की पदवी रद्द करून आणा. अर्जदार विद्यापीठात गेला. तिथे सांगितले, "दिलेली पदवी आम्ही रद्द करू. न दिलेली कशी रद्द करणार? आधी पदवी दाखवा." पदवी मिळवायची तर प्रवेश हवा, आणि प्रवेश हवा तर पदवी रद्द हवी. अर्जदाराने बारावीवरून पहिल्या वर्षाचा मार्ग विचारला, तर बारावी नाही. नोकरी करून शिकण्याचा मार्ग विचारला, तर नोकरी नाही. तेव्हा खिडकीने मोठ्या मनाने पदव्युत्तरचा फॉर्म पुढे सरकवला.

५. दरम्यान बातमी गावभर झाली. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी दारात येऊन म्हणाले, "दादाजी, बधाई हो! बिटिया इंजीनियर बन गई, जरा हमारी टंकी का लीकेज देख लेगी?" डिप्लोमावाली सून नको म्हणून ज्यांनी नकार कळवला होता, त्या चेणे गावच्या मंडळींनी पुन्हा निरोप धाडला. अर्जदाराची पत्नी इंदुबाई एवढेच म्हणाली, "पोरगी इंजिनेर हाय, आन् तिलाच ठाव न्हाय!"

६. इथे एक बाब गांभीर्याने नमूद करावीशी वाटते. अर्जदाराचा पुतण्या दिपेश बांधकामाची कंत्राटे घेतो. त्याने आपल्या शेऱ्याचा कागद हातात घेऊन कृतिकेला सांगितले, "अगं, सरकारच बोलतंय ना तू पदवीधर! हा कागद लाव नि उद्यापासून साइटवर इंजिनियर म्हणून सह्या कर." पोरीने कागद काढून घेतला. म्हणाली, "काका, माझ्या सहीने भिंत उभी राहिली आणि उद्या पडली, तर खाली सिस्टीम येणारेय का उभी राहायला? मला न शिकता इंजिनियर नाय व्हायचंय. मला वर्गात बसायचंय." मग ती आत जाऊन बराच वेळ बाहेर आली नाही. अर्जदाराचा चहा त्या दिवशी तसाच राहिला.

७. प्रवेशाची शेवटची फेरी येत्या गुरुवारी संपते. त्यानंतर जागा जाईल, तिचे वर्ष जाईल, आणि पोर पदवीधर म्हणून घरी बसेल.

सबब प्रार्थना की, गुरुवारपूर्वी सदर 'का' शोधून मूळ जागी बसवावा व दीर्घ झालेली वेलांटी पूर्ववत ऱ्हस्व करावी. शुद्धलेखनाचे पाप अर्जदार आपल्या डोक्यावर घेतो. ते शक्य नसल्यास, कृतिका ज्या दिवशी पदवीधर झाली त्या दिवशी ती नेमके काय शिकली, ते लेखी कळवावे, म्हणजे ती निदान उजळणी करील.

दोन्ही न जमल्यास सोबतचा तिचा कागद पाहावा. तो अर्जदाराने सांगून लिहिलेला नाही.

आपला नम्र, आणि गुरुवारपर्यंत खिडकीसमोरच उभा असलेला,
पुंडलिक धाकू भोईर
खारी गाव, भाईंदर पूर्व
दि. ११ ऑगस्ट २०२५

सोबत :
(१) पदविका प्रमाणपत्राची प्रत, 'का' अधोरेखित.
(२) डिंकाची बाटली, केबिन रोडवरून आणलेली, न उघडलेली.
(३) उमेदवाराचे संमतिपत्र, पुढीलप्रमाणे : "ऑफिसात 'का' शिल्लक नसेल तर माझ्या नावातला घ्या आणि पदविकेला लावा. घरी मला तसेही कृतीच म्हणतात. फक्त वर्गात हजेरी घेताना तेवढ्या नावाने हाक मारायला सांगा, मी 'हजर' म्हणेन. – कृति"
(ता. क. : तिच्या सहीतील वेलांटी कृपया कोणी दुरुस्त करू नये.)